यादी दोनपासून

"लिहा, दोन."

त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. कामाचा माझा पहिला दिवस होता. नवी वही उघडून बसले होते आणि मला वाटलं, एक काय ते ऐकायचं राहिलं. म्हणून विचारलं, "सर, एक काय होतं?" ते खिडकीतून समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांकडे बघत होते. म्हणाले, "एक रिकामा ठेवा. तो नंतर भरू. लिहा, दोन. फिनाईल."

ऑफिसच्या सामानाची यादी होती ती. दोन फिनाईल, तीन टाचण्या, चार चहा पावडर, पाच पेनं. एक शेवटपर्यंत भरला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने यादी हातात घेऊन खालीवर पाहिली आणि विचारलं, "मॅडम, ऊपर का क्या है?" मी म्हटलं, "मालूम नहीं." त्याने बिचाऱ्याने गुपचूप बाकीचं सामान काढून दिलं. दोन-तीन महिन्यांत त्याला सवय झाली. मला झाली नाही.

आमचं ऑफिस म्हणजे भाईंदर पूर्वेला, खारी गावाला चिकटून उभ्या राहिलेल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा. संस्था छोटी. गावांत, वस्त्यांत कॅन्सरच्या तपासणीची शिबिरं भरवायची, लोकांची माहिती फॉर्मवर घ्यायची आणि ती कॉम्प्युटरवर चढवायची, एवढंच काम. चढवणारी मी. डाटा एंट्री ऑपरेटर अशी माझी जागा होती, म्हणून ते मला कधी नावाने हाक मारत नसत. "अहो ऑपरेटर!" म्हणत. सुरुवातीला राग यायचा. मग झाडायला येणाऱ्या मावशींनाही ते "अहो स्वच्छता!" म्हणून हाक मारतात हे ऐकलं आणि राग गेला.

ही संस्था चालवणारे सर स्वतः मंत्रालयातून निवृत्त झालेले. कुठल्या खात्यातून, असं विचारलं की "सगळ्याच" म्हणायचे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक रबरी शिक्का असायचा, 'तातडीचे' असा. "हा चोरलेला नाही हं, हा रद्द झालेला आहे," ते आपण होऊन सांगायचे. "पुढे पुढे आमच्याकडे प्रत्येक फाइल अतितातडीची झाली. मग नुसत्या तातडीच्याला कोण विचारतो?" तो शिक्का ते वर्तमानपत्रावर मारायचे, लाइटबिलावर मारायचे, एकदा माझ्या डब्याच्या झाकणावर मारला. त्या दिवशी मी जेवायला उशीर केला होता.

बसच्या रांगेतली गंमत तर मी कितीदा पाहिली. भाईंदर पश्चिमेहून समुद्राकाठच्या चौक गावाला जायची बस पकडायची असली की ते रांगेत उभे राहायचे, पण पुढे बरोबर एका माणसाची जागा सोडून. समोर कुणी नसलं तरी सोडून. मागून येणारे गोंधळायचे. "अंकल, आप लाइन में हो क्या?" ते शांतपणे म्हणायचे, "हो. दोन नंबरला." मग तो माणूस त्या मोकळ्या जागेकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. मी मोबाइलमध्ये तोंड घालायची. मी त्यांच्याबरोबर नाही असं दाखवण्याचा तो प्रयत्न असायचा, आणि तो कधीच जमायचा नाही, कारण ते लगेच हाक मारायचे, "अहो ऑपरेटर, फॉर्म घेतलेत ना?"

हा माणूस फार हुशार आहे की त्याचं डोकं फिरलंय, याचा निकाल मी तेव्हा रोज लावायची आणि रोज बदलायची.

त्यात दिल्लीहून ते प्रकरण आलं. कॅन्सरचे उपचार आणि प्रतिबंध यांचं देशभरासाठी एक धोरण करायचं होतं आणि त्यासाठी लोकांकडून, संस्थांकडून सूचना मागवल्या होत्या. ऑनलाइन फॉर्म. दहा रकाने. कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यावं ते प्राधान्यक्रमाने लिहा, एक ते दहा. आमच्यासारख्या शेकडो संस्थांना तो आला असणार, आणि शंभरातल्या नव्वदांनी वाचून सोडून दिला असणार. सरांनी त्याची प्रिंट काढायला लावली, घडी घातली आणि शिक्क्याशेजारी खिशात ठेवली.

मी म्हटलं, "सर, दिल्लीला भाईंदरचं काय पडलंय?"

"मागवलंय ना त्यांनी? मागवलं की द्यायचं असतं."

"ते वाचणार आहेत का पण?"

"ते त्यांच्या टेबलावरचं काम. हे आपल्या टेबलावरचं."

पुढचे सात महिने मी हा फॉर्म टाइप करत होते. दर सोमवारी क्रम बदलायचा. एका सोमवारी दोन नंबरला तंबाखू. बरोबर आहे, मी मनात म्हणायची, मुळावरच घाव घालायला हवा. पुढच्या सोमवारी तंबाखू खाली जायची आणि दोन नंबरला मुलींना द्यायची लस यायची. मग लस खाली, बायकांची तपासणी वर. मग एकदा ते सकाळी सकाळी चेहरा पाडून आले. "अहो ऑपरेटर, सगळं चुकलंय. तपासणी वर ठेवली, बायका आल्या, आजार सापडला. आता त्यांना पाठवायचं कुठे? ते आधी ठरवायला नको? नुसतं तुला हे झालंय म्हणून सांगायचं आणि घरी पाठवायचं, याला काय म्हणतात?" म्हणून उपचाराची केंद्रं वर गेली. गुरुवारी ते पुन्हा उठून बसले. "पण केंद्रं बांधली आणि लोक अगदी शेवटी आले तर? त्यांच्या दुखण्याचं औषध कुठाय? जो बरा होणार नाही त्याला कितव्या नंबरला टाकायचं?"

मला प्रत्येक वेळी पटायचं. तंबाखू आधी म्हटलं तरी पटायचं, औषध आधी म्हटलं तरी पटायचं. नऊच्या नऊ मुद्द्यांवर 'तातडीचे' शिक्का मारलेली एक प्रिंट अजून माझ्या कपाटात आहे. कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' अशा नावांच्या फाइली साठत गेल्या, आणि त्या सगळ्या दोनपासून सुरू होत होत्या.

लोकांना विचारू या, असं शेवटी त्यांच्या मनाने घेतलं. खारीतल्या देवळाच्या सभागृहात सभा ठेवली. फलकावरचा मजकूर त्यांनीच लिहिला. कॅन्सर हा शब्द वाचला की लोक रस्ता बदलतात, म्हणून तो गाळला. उरलं ते असं: 'प्राधान्य ठरवण्यासाठी सभा. महिलांनी जरूर यावे.' मी फलक वाचला. मला त्यात काही खटकलं नाही. आम्ही दोघं तिथे पोचलो तर सभागृह भरलेलं, दारात चपलांचा ढीग, आणि प्रत्येक बाईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं रेशन कार्ड.

रेशन कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का असला की धान्य मिळतं. तो ज्यांचा राहिला होता, त्या सगळ्या आल्या होत्या. झेरॉक्ससकट.

मी परत दाराकडे वळले. सर मात्र खुर्चीवर बसून एकेकीचं कार्ड चष्मा वर करून बघायला लागले. पुढच्या रांगेतली एक जाडजूड मावशी उठली. "म्हंजे तुमी शिक्का देनार न्हाय?"

"शिक्का आहे माझ्याकडे," सर म्हणाले. आणि खरंच खिशातून काढून त्यांनी तिच्या झेरॉक्सवर 'तातडीचे' मारला.

हसण्याचा एवढा गलका झाला की बाहेरून माणसं डोकवायला लागली. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. निम्म्या बायका उठून गेल्या. ती मावशी बसली. म्हणाली, "माज्या जावेला गाठ आली व्हती. डाक्टर बोलला, मोठ्या हास्पिटलला जा. कंच्या हास्पिटलला, कोनाकडं, कवा, ता कोन सांगतंय? ती घरीच ऱ्हायली."

"मग?"

"मग काय. न्हाय आता ती."

सरांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं, आणि त्या सोमवारी दोन नंबरला 'वाट दाखवणारा माणूस' आला. मी टाइप केलं. फाइलचं नाव 'फायनल खारी'.

चौकला गेलो तेव्हा तर गोंधळाची हद्द झाली. तिथे समुद्राकाठी मासे वाळत घालणाऱ्या बायकांचे फॉर्म भरायचे होते. तिसरा प्रश्न असा होता: 'तंबाखूचे सेवन करता का?' पहिली म्हणाली न्हाय. दुसरी म्हणाली न्हाय. सगळ्याच न्हाय म्हणाल्या. मी खूश, रकाने भराभर भरत होते. सर खूश नव्हते. ते एका बाईच्या हाताकडे बघत होते. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत काळं होतं.

"बोटाला काय लागलंय?"

"मिसरी हाय ती."

"मिश्री म्हणजे तंबाखूच ना? तव्यावर भाजून पूड करता ती?"

बाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकलेला माणूस आणि एवढं साधं याला कळू नये. "तंबाखू खातात ते बापये. मिसरी दातांना हाय. घासून थुकायची."

"दिवसातून किती वेळा घासता?"

त्यावर सगळ्याजणी हसल्या. सकाळी, जेवल्यावर, चहानंतर, आणि डोकं जड झालं की मधेच. सर तिथेच एका उलट्या टोपलीवर बसले. म्हणाले, "अहो ऑपरेटर, आजवरचे सगळे फॉर्म चुकले. आपण तंबाखू विचारत होतो. मिश्री विचारलीच नाही."

येताना बसमध्ये ते हाच विषय घोळवत होते, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. कारण फॉर्मची पहिली चाचणी म्हणून मी घरीच एक फॉर्म भरला होता. माझ्या सासूबाईंचा. तंबाखू, नाही. ते मी त्यांना न विचारताच लिहिलं होतं. आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची मिश्रीची डबी लग्न होऊन आल्यापासून मी रोज बघत होते, तिच्याखालचा काळा डाग रोज पुसत होते.

सरांना ते सांगायची लाज वाटली.

इथे आमच्या घरातल्या आमटीविषयी सांगायला हवं. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मूळच्या राजापूरकडच्या. तिखट खाणाऱ्या. पण गेल्या वर्षापासून त्यांनी एक नवंच सुरू केलं होतं. घास तोंडात घालायच्या, ताट जरा पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "तिखट झालंय." मी मिरची कमी केली. "तिखट झालंय." आणखी कमी केली. तरी तेच. मग माझी खात्री झाली, की प्रश्न मिरचीचा नाही, माझा आहे. चौदा वर्षं झाली लग्नाला, तरी सून करते ते खपत नाही. मी माझ्या बहिणीला फोनवर हे रंगवून सांगायची. नवऱ्याशी दोनदा भांडले. एकदा रागाने अगदी पांढरीफटक आमटी करून वाढली, आणि त्यांनी ती दहीभातात कालवून, कण्हत, गपगप गिळली. मला वाटलं, नाटक करतायत. आता आमच्या घरी आमटी दोन भांड्यांत होते आणि दर वेळी फोडणी देताना मला ते गिळणं आठवतं.

सरांची एक सवय सांगायची राहिली. समोर कुणीही खात असलं की ते विचारायचे, "झोंबत नाही ना?" वडापावच्या गाडीवर अनोळखी माणसाला विचारायचे. त्या माणसाला वाटायचं, हे वड्याची चौकशी करतायत. तो म्हणायचा, "नाही काका, मस्त आहे, घ्या." हे चौकशी करत असायचे तोंडाची. तोंडाच्या आतली कातडी बिघडायला लागली की साधं जेवणही झोंबतं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मीही तिथे होते. मी ते सगळं टाइप केलं होतं. घरी नेलं नव्हतं.

एका शनिवारी सर नवे फॉर्म द्यायला आमच्या घरी आले. नव्या फॉर्मवर तिसरा प्रश्न आता 'मिश्री लावता का?' असा होता. आई बाहेरच्या खोलीत पोहे खात होत्या. मिरच्या वेचून बशीच्या कडेला ठेवलेल्या.

"झोंबत नाही ना?" त्यांनी सवयीने विचारलं.

आई माझ्याकडे बघून थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "झोंबतं हो. पण बोलायची सोय नाही. हिला राग येतो."

मला तिथल्या तिथे जमीन दुभंगावी असं वाटलं. सरांनी पिशवी खाली ठेवली. "ताई, तीन बोटं अशी उभी धरून तोंडात घालून दाखवता?" आईंनी प्रयत्न केला. दोनच गेली. मग त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून माझ्या हातात दिली आणि मला गाल-ओठ आतून बघायला लावले. खालच्या ओठाच्या आत, मिश्री जिथे धरून ठेवायच्या तिथे, पांढरट जाड चट्टा होता. बोटभर लांब.

"मी डॉक्टर नाही," सर म्हणाले. "मी नुसता पुढे पाठवणारा. पण पाठवतो."

मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेले. माझं डोकं चालत नव्हतं, तोंड चालत होतं. म्हटलं, "नेतो ना सर, नेतो. आधी मुलीची परीक्षा होऊन जाऊ दे. मग ह्यांना रजा मिळते का बघते. मग चुलतदिराच्या मुलीचं लग्न आहे गावाला. ते झालं की लगेच नेतो."

ते दुसऱ्या पायरीवर थांबले. कठडा धरला.

"कितव्या आल्या?"

"काय सर?"

"तुम्ही आत्ता परीक्षा, रजा, लग्न असं म्हणालात. तुमच्या आई चौथ्या आल्या. आमच्याकडे ती सातवी होती."

मग त्यांनी सांगितलं. जिन्यातच, वरची बाई पाण्याचे कॅन घेऊन आमच्यामधून गेली तेवढं सोडलं तर न थांबता. ते मुंबईतली चाळीतली खोली सोडून इथे राहायला आले, त्या वर्षी त्यांच्या बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे कामांची यादी केली होती. एक, मुलीचं अ‍ॅडमिशन. दोन, जागेचा ताबा. तीन, गॅस. चार, पाण्याची टाकी. पाच, ह्यांचा चष्मा. सहा, पडदे. सात, छातीत गाठ लागते ती दाखवणे.

"अक्षर तिचंच. मी क्लार्क माणूस. क्रमाने गेलो. एकही काम चुकवलं नाही हो. पडदे लागले, सहावर टिक मारली, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो." ते कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होते. "डॉक्टर म्हणाले, आधी का नाही आलात? मी त्यांना यादी दाखवणार होतो. खिशात होती."

मला रडू आवरेना.

"म्हणून मी एक रिकामा ठेवतो," ते म्हणाले. "कुणीतरी असतंच तिथे. स्वतःहून आपलं नाव वर लिहीत नाही." आणि खाली उतरून गेले.

हॉस्पिटलची तारीख त्यांनीच मिळवली, मीरा रोडला. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायचा होता. नेमकी तीच दिल्लीच्या फॉर्मची शेवटची तारीख निघाली. आदल्या संध्याकाळी ऑफिसात बसून त्यांनी दोन ते दहा पक्के केले. कसे केले देव जाणे. माझं लक्ष नव्हतं. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. सर म्हणाले, "फॉर्मचं काय, गेला तर गेला. तुम्ही आईंबरोबर जा."

मी म्हटलं, "नाही सर. सात महिन्यांचं काम आहे. तुम्हाला तो फॉर्म ऑनलाइन भरता येणार नाही. तुम्ही आईंबरोबर जा, मी इथे बसते."

"नक्की?"

"नक्की."

खरं सांगते, मला हॉस्पिटलची भीती वाटत होती. आईंच्या तोंडाकडे बघायची भीती वाटत होती. फॉर्म हे बरं निमित्त होतं, आणि देशाचं काम आहे म्हटल्यावर निमित्ताला वजनही आलं. सरांना हे कळलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईंना रिक्षात बसवलं, आईंनी मला हात केला, आणि मी ऑफिसात येऊन कॉम्प्युटर चालू केला.

नऊ रकाने मी भरले. खाली 'पाठवा' दाबलं. फॉर्म जाईना. वर लाल अक्षरं आली, पहिला रकाना भरणं आवश्यक आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. तिथे एक टिंब टाकून बघितलं, ते चालेना. मी सरांना फोन लावला.

"सर, एक रिकामा ठेवून जातच नाहीये. काय लिहू?"

मागे हॉस्पिटलचा गलबला होता, कुणाचं तरी नाव पुकारत होते. मला वाटलं, आता तंबाखू म्हणतील, नाहीतर तपासणी, नाहीतर वाट दाखवणारा माणूस. मी बोटं तयार ठेवली.

"थांबा," ते म्हणाले. "आईंना विचारतो."

मला वेड लागायची पाळी आली. आईंना? देशाच्या धोरणाचं? फोन त्यांनी कानापासून दूर धरला असावा, पण मला ऐकू येत होतं.

"ताई, दिल्लीला कळवायचंय. असा आजार असला तर माणसाला सगळ्यात आधी काय लागतं?"

"मला काय ठाऊक? मी काय शिकलेय?"

"तुम्हालाच ठाऊक. सांगा."

मी खुर्चीत ताठ बसले होते. मग आईंचा आवाज आला, तक्रारीचा नाही, रागाचा नाही, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

"बरोबर घरचं कुणीतरी असावं."

फोनवर पुन्हा गलबला. मग सर.

"ऐकलंत?"

नुसतं हं म्हटलं.

"मग लिहा, एक."

मी लिहिलं. आईंचेच शब्द, तसेच. 'बरोबर घरचं कुणीतरी असावं.' 'पाठवा' दाबलं आणि फॉर्म गेला. दिल्लीत तो कुणी वाचला का, वाचून हसले का, मला माहीत नाही. आपली सूचना मिळाली अशी एक ओळ पडद्यावर आली, ती मी पुरती वाचलीही नाही. गाळ्याचं शटर अर्धंच ओढलं आणि रिक्षा केली.

दुसऱ्या मजल्यावर, लांब बाकावर दोघं बसली होती. आईंच्या मांडीवर त्यांची कापडी पिशवी, त्यात पाण्याची बाटली आणि रेशन कार्डाची झेरॉक्स. ती कशाला आणली होती कुणास ठाऊक. सरकारी ठिकाणी लागते म्हणून असेल. मला बघून त्या एवढंच म्हणाल्या, "आलीस?" आणि पिशवी उचलून जागा केली. मी त्यांचा हात धरला. चौदा वर्षांत पहिल्यांदा धरला असेन. बोट काळंच होतं.

सर उठले. "बसा. दोनपासून मी बघतो," म्हणाले, आणि कागद घेऊन समोरच्या खिडकीकडे गेले.

खिडकीपाशी कुणीच नव्हतं. तरीही ते बरोबर एका माणसाची जागा सोडून उभे राहिले. आतला माणूस डोकं बाहेर काढून म्हणाला, "काका, पुढे या ना. लाइन नाहीये." ते हलले नाहीत. लांबूनच हात पुढे करून त्यांनी कागद आत सरकवला.

आई बघत होत्या. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "त्यांच्या पुढे कोण आहे गं?"

"आहे आई," मी म्हटलं. "घरचंच माणूस आहे."